पाळण्याची पकड

माझी लेक विमानाचे पंख हलवून बघते. अख्खे पंख नाही, त्यांचे तुकडे. दारापेक्षा थोडे मोठे, काळे, हाताला गार लागणारे. ते एका पत्र्याचे नसतात. कापडासारखे थर एकावर एक चिकटवून, भाजून केलेले असतात. वरून गुळगुळीत, पण आत कुठे दोन थर सुटले असतील तर ते डोळ्यांना दिसत नाही, आणि विमान वर गेल्यावर दिसून उपयोग नसतो. म्हणून ही माणसं तो तुकडा लोखंडी चौकटीत आवळतात, त्याला बारीक हादरे देतात आणि तो कुठे कसा थरथरतो ते मोजतात. सुटलेली जागा वेगळी थरथरते.

त्यांच्या शेडमध्ये एक रीत होती. तुकडा चौकटीत बसवला की एकाने सगळे बोल्ट पान्याने आवळायचे, मग दुसऱ्याने येऊन तेच बोल्ट पुन्हा आवळून बघायचे. सैल बोल्ट खडखडतो आणि त्या खडखडाटात खरी थरथर हरवते. नवीन कुणी कामाला लागलं की तिथले प्रमुख, त्यांना सगळे मोठे सर म्हणत, त्याला आधी बोल्ट आवळायला शिकवायचे, बाकीचं शहाणपण नंतर. लेकीच्या हाडात ती रीत इतकी मुरली होती की तिने घरी लावलेलं बरणीचं झाकण मला उघडता यायचं नाही.

मग ही माणसं पंखांवरून अंगाकडे वळली. मऊ मांसात कडक गाठ असेल तर तीही वेगळी थरथरणार, गणित तेच, असा त्यांचा हिशेब. त्यांनी एक मशीन केलं. बाईने पालथं झोपायचं, पलंगाला मध्ये मोकळी जागा, तिथे दोन बाजूंनी दोन गाद्या येऊन छाती धरून ठेवतात. हादरे इतके बारीक की मुंगी चालल्यासारखं वाटतं. पडद्यावर चित्र उमटतं. सगळीकडे सारखं मऊ ते निळं, आजूबाजूपेक्षा कडक ते लाल. लॅबमध्ये त्याला पाळणा म्हणायचे. आधी त्यांनी जेलीसारख्या पदार्थाच्या छात्या ओतल्या. एकाने आत कडक गोळी लपवायची आणि दुसऱ्याने पाळण्यावर शोधायची. पाळण्याने एकही गोळी सोडली नाही. त्या दिवशी लेक घरी आली ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत.

पुढे शेजारच्या हॉस्पिटलमधून तयार असतील त्या बायका पाळण्यावर झोपायला येऊ लागल्या. त्यांच्या नेहमीच्या तपासण्या हॉस्पिटलात चालूच असायच्या. पाळणा अजून शिकत होता, म्हणून नियम कडक होता. चित्रात काय दिसलं ते बाईला सांगायचं नाही. दिसलं तरी नाही, नाही दिसलं तरी नाही.

हा नियम माझ्या लेकीने मोडला, आणि मोडला तो माझ्या जावेपायी.

जावेला मी धाकटी म्हणते. तिचं शिवणाचं दुकान आहे, हॉटेलांचे, कारखान्यांचे गणवेश शिवते. मी कामावर जायचे तेव्हा माझी पोर तिच्या शिवणयंत्राखाली चिंध्यांत खेळत मोठी झाली. त्यामुळे तिच्या लेखी माझी पोर चुकूच शकत नाही. गिऱ्हाइकांनाही सांगते, आमची इंजिनेरबाई विमानं थांबवते. एकदा खरंच लेकीच्या सांगण्यावरून एक पंख परत पाठवला होता, तेवढ्यावर हिने अख्खा विमानतळ उभा केला.

धाकटीला अंघोळ करताना छातीत डाव्या बाजूला काहीतरी लागलं. तिने ते कुणाला सांगितलं नाही. शिवताना तिचा हात सारखा तिथे जातो हे भावजींनी, म्हणजे माझ्या दिराने, पाहिलं आणि मला सांगितलं. मी तिला धरून हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी हाताने तपासलं, फोटो काढले, सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या की चित्र धूसर आहे, बहुतेक काही नसेल, पण सुई घालून तुकडा तपासल्याशिवाय मी काही नक्की सांगणार नाही. तारीख दिली.

बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, बहुतेक काही नाही म्हणाल्या ना, मग सुई कशाला. मी म्हटलं, ती अर्धीच गोष्ट झाली. त्यावर ती म्हणाली की आपल्या घरात पाळणा असताना परक्याच्या सुईखाली कशाला जायचं.

तिला पाळण्यावर घेतलं तेव्हा मी बरोबर होते. लेकीने तिची रीतसर सही घेतली, नियम सांगितला, मला बाहेरच्या खुर्चीत बसवलं. पडद्याआडून धाकटीचा आवाज येत होता. गाद्या जवळ आल्या तशी ती म्हणाली, "अगं, मला काय बरणीचं झाकण समजलीस?" लेक हसली. मीही हसले. काकू, हलू नकोस, घट्ट असल्याशिवाय चित्र नीट येत नाही, असं ती म्हणाली आणि आणखी थोडं आवळलं.

संध्याकाळी सगळे आमच्याकडे जेवायला होतो. धाकटी लेकीला सोडेना. आधी गोडीने, मग रुसून, मग भावजींकडे बघत म्हणाली, यांना रात्रभर झोप नाही, यांच्यासाठी तरी सांग. लेकीने घास हातात धरून ठेवला होता. माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, ना हो म्हटलं ना नाही.

"सगळं निळं आहे काकू," ती म्हणाली. "पण सुईला जायचंच."

पहिलं वाक्य धाकटीने ऐकलं. दुसरं तिच्या कानावर पडलं असेल, डोक्यात शिरलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने हॉस्पिटलला फोन करून तारीख नको म्हणून कळवलं. आम्हाला ते कळलंही नाही.

त्यानंतरचे दिवस धाकटी नवी झाल्यासारखी होती. एका कारखान्याची मोठी ऑर्डर घेतली, दुकानाला रंग काढला. मी तारीख विचारली की पुढे ढकललीय म्हणायची. मला खटकत होतं, पण मीही मनातून तेच निळं धरून बसले होते. कुणाला नको असतं?

असंच एकदा लेक दुपारीच घरी आली. चपला दारात न काढता थेट स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. मी पाणी दिलं ते प्यायली नाही. मी काही विचारलं नाही. तिला लहानपणापासून विचारलं की ती मिटते. थोड्या वेळाने तिने आपणहून सांगितलं.

त्यांच्याकडे दुसऱ्या एका कारखान्यातून पंखाचा तुकडा आला होता. याचे थर सुटलेले आहेत, असं त्यावर खडूने गोल करून लिहिलेलं होतं. तुमचं यंत्र हे पकडतं का बघा, अशी परीक्षाच होती. यांनी चौकटीत बसवला, दोघांनी आवळला, हादरे दिले. काही नाही. तुकडा अगदी निरोगी. मोठे सर म्हणाले, खडू मारणाऱ्याची चूक असेल. दुसऱ्यांदा केलं, आणखी आवळून. पुन्हा काही नाही. जेवायच्या सुट्टीत सगळे गेल्यावर लेकीने, का कुणास ठाऊक, त्या गोलाजवळचे बोल्ट ढिले केले आणि पुन्हा हादरे दिले. सुटलेली जागा तिथेच होती, खडूच्या बरोबर आत. चौकटीने इतकं दाबून धरलं होतं की सुटलेले थर एकमेकांना चिकटून बसले होते आणि एकसंध असल्यासारखे थरथरत होते.

मला वाटलं विमानाची काळजी आहे. मी म्हटलं, मग सापडलं तर खरं. तिने नाही म्हणून मान हलवली आणि भांडी घासायचा स्पंज उचलला. शिवणाच्या डब्यातलं एक बटण त्याच्या पोटात खुपसलं आणि स्पंज माझ्या हातात दिला. हलकं चाचपून बघ म्हणाली. बटण लागलं. आता मुठीत गच्च दाब, मग दुसऱ्या हाताने चाचप. मी दाबला. सगळाच स्पंज कडक झाला होता. बटण कुठे आहे ते कळेना.

"अंगाचं असंच असतं, आई. दाबलं की मांस कडक होत जातं. मग गाठ त्यात मिसळून जाते." ती स्पंजाकडेच बघत होती. "जेली तशी कडक होत नाही. आम्ही सगळं जेलीवर तपासलं."

मी स्पंज खाली ठेवला. आम्ही दोघी एकाच गोष्टीचा विचार करत होतो आणि दोघीही ती बोलत नव्हतो. शेवटी मीच हॉस्पिटलात फोन लावला, धाकटीची सुईची तारीख कधीची आहे म्हणून. तिकडची मुलगी म्हणाली, ती तर त्यांनी कधीच रद्द केली.

लेकीने मोठ्या सरांना फोन केला. मी समोर बसले होते, फोन स्पीकरवर होता. सर म्हणत होते, एका तुकड्यावरून काही ठरत नाही. आधी पाच तुकड्यांवर बघू, मग गाद्या ढिल्या करून जेलीवर, मग बायकांवर. घाईने बोललो तर लोक घाबरतील. शिवाय कुणाला काही सांगितलेलंच नाही, मग नुकसान कुणाचं होणार? माणूस वाईट नव्हता, त्याच्या जागी त्याचं बरोबर होतं.  मग लेकीने सांगितलं की तिने एका बाईला सांगितलंय, आणि ती बाई तिची काकू आहे.

 हिची नोकरी गेली, असं मी मनात धरलं. मग सर म्हणाले, तुझ्या वागण्याचं नंतर बघू, तू आधी काकूकडे जा.

दुकानात धाकटी मशीनवर होती. भावजी बाकावर बसून बटणं लावत होते. खोलीत नव्या रंगाचा वास होता. लेकीने सांगायला सुरुवात केली ती पंखापासून, बोल्टपासून. धाकटी शिवतच राहिली. मध्येच तिने पायडलवरून पाय काढला.

"सरळ बोल. मला गाठ आहे का?"

"माहीत नाही, काकू."

"परवा माहीत होतं."

"परवाही नव्हतं. मला वाटलं होतं."

भावजींच्या हातातली सुई थांबली. धाकटी हसली, पण ते हसणं मला ओळखीचं नव्हतं. म्हणाली, वा, विमानं थांबवणारी ती हीच का? तेव्हा यंत्र खरं होतं, आता यंत्र खोटं. उद्या म्हणशील काकूच खोटी. मी इथे ऑर्डर घेऊन बसलेय, भिंती रंगवून बसलेय. लेक ऐकत उभी होती. मी मध्ये पडायला गेले तर धाकटीने मला हाताने थांबवलं आणि म्हणाली, ताई, तुम्ही मोठ्या आहात, पण हे आमचं दोघींचं आहे.

मग तिने डोकं चालवलं. ती व्यवहाराची बाई, दोन वाक्यांत गिऱ्हाइकाला आपल्या भावावर आणते.

"बरं. ढिल्या गाद्या लावून पुन्हा झोपव मला. लाल आलं तर सुईला जाते. निळं आलं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. कबूल?"

भावजी लगेच म्हणाले, हे ठीक आहे. मलाही ते पटलं. तिला सुईपर्यंत न्यायला तीच एक वाट दिसत होती. लेकीने हो म्हणायला तोंड उघडलं असं मला वाटलं, इतकी ती दमलेली होती. पण ती नाही म्हणाली.

"का नाही?"

"कारण ढिलं करूनही निळं येईल कदाचित. गाठ असली तरी. ढिलं म्हणजे किती ढिलं, ते आम्हाला अजून कळलेलं नाही." ती मशीनजवळ सरकली. "आणि निळं आलं की तू घरी जाशील. मला तुझ्याशी ही पैज लावायची नाही."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. रागाने बघत होती की कशाने, मला सांगता येणार नाही. लहानपणी ही पोर काही मोडून आली की धाकटी आधी तिच्याकडे असंच बघायची, मग मोडलेलं काय ते विचारायची. रस्त्यावरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली. भावजी उठले आणि त्यांनी पंखा बंद केला, उगाच, काहीतरी करायचं म्हणून.

"म्हणजे तुमच्या त्या लॅबमध्ये कुणालाच माहीत नाही," धाकटी म्हणाली.

"कुणालाच नाही. सुईच सांगेल."

धाकटीने मशीनवरचं कापड ओढून काढलं, शिलाई अर्धी होती, दोरा दातांनी तोडला. सुई लागते का फार, असं तिने विचारलं. विचारलं ते लेकीला नाही, मला. मी म्हटलं, मला काय ठाऊक, मला कुठे टोचलीय. मग म्हणाली, तुम्ही बाहेर बसायचं नाही हां या वेळी, आत यायचं.

मी आत गेले. सुईची जागा बधिर केली होती, तरी तिने माझा हात असा धरला की माझी बोटं पांढरी पडली. ती वरच्या दिव्याकडे बघत होती आणि गणवेशांची मापं पुटपुटत होती. खांदा, बाही, कंबर. डॉक्टरीणबाईंनी तिला एकदाही दटावलं नाही, तारीख का मोडली म्हणून विचारलंही नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

निकाल यायचे दिवस आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. लेक कामावर जायची आणि यायची. तिकडे त्यांनी पाळणा बंद ठेवला होता. मोठ्या सरांनी स्वतः गाद्यांची पकड मोजायला घेतली होती आणि जे दिसत होतं त्याने त्यांची झोप उडाली होती, असं ती म्हणाली. धाकटी दुकानात रोज नेहमीपेक्षा जास्त शिवायची. भावजी तिच्या दुकानाबाहेर झाडत बसायचे, झाडलेलंच पुन्हा.

निकाल सांगताना डॉक्टरीणबाईंनी खुर्ची टेबलाच्या अलीकडे ओढून घेतली, तेव्हाच मला कळलं. गाठ होती, आणि वाईट होती. लहान होती, म्हणून आता लगेच काढायची. पुढचे उपचार गाठ काढून झाल्यावर ठरतील. भावजींनी चष्मा काढला आणि परत घातला. लेक भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं आता धाकटी रडेल, किंवा लेकीला बोलेल. बोलली असती तर मी अडवलं नसतं.

ती लेकीला म्हणाली, "माझ्यासारख्या आणखी किती जणी झोपल्या त्या पाळण्यावर?"

लेक म्हणाली, बऱ्याच. पण त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही, नियम आहे, त्यांच्या तपासण्या हॉस्पिटलात वेगळ्या चालू आहेत.

"नियम मलाही होता," धाकटी म्हणाली. "तिथे काम करणाऱ्या सगळ्यांना घरी काकू नाहीत? एखादीने चेहरा वाचला असेल. तुझा चेहरा तर मी जेवायच्या आधीच वाचला होता."

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. लेकीने तिथूनच मोठ्या सरांना फोन लावला. या वेळी त्यांनी पाच तुकड्यांचं नाव काढलं नाही. त्यांनी आणि हॉस्पिटलने मिळून ठरवलं की पाळण्यावर झोपलेल्या प्रत्येक बाईला कळवायचं. या यंत्रावर विसंबू नका, कुणी काही बोललं असेल तर ते धरू नका, तुमची राहिलेली तपासणी करून घ्या. काम वाटून घेतलं. सगळ्यात मोठा वाटा लेकीने मागून घेतला.

तिचे फोन मी घरी ऐकत होते. काही बायका आभार मानायच्या, काही शिव्या द्यायच्या. एका बाईचा नवरा म्हणाला, तुम्ही आमच्या घरातलं जेवण विटाळलंत. आणि एकीने सांगितलं की हो, तुमच्या तिथला एक मुलगा जाताना म्हणाला होता, निवांत झोपा मावशी. ती निवांतच झोपली होती, पुन्हा हॉस्पिटलात गेलीच नव्हती. तो फोन ठेवल्यावर लेक बराच वेळ बाल्कनीत उभी राहिली. मग आत येऊन पुढचा नंबर लावला.

धाकटीच्या ऑपरेशनच्या दिवशी आम्ही सकाळपासून हॉस्पिटलात होतो. तिला हिरवा झगा घातला होता. तो तिने उलटून त्याची शिलाई बघितली आणि म्हणाली, कुणी शिवलाय हा, टाका बघा कसला. भावजी हसले आणि लगेच त्यांचे डोळे भरले. चाकांचा पलंग दारापाशी आला तशी धाकटीने लेकीचं मनगट धरलं आणि विचारलं, फोन झाले का सगळे?

लेक म्हणाली, एक बाई फोन उचलतच नाही. रोज लावतेय.

"घर कुठे आहे तिचं?"

"आहे, जरा लांब. उद्या जाईन मी, काकू. आज तू आत आहेस."

"मी आत झोपलेली असणार. तू बाहेर बसून माझं काय शिवणार आहेस?" धाकटीने तिचं मनगट सोडलं. "जा."

लेकीने माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी जेवताना बघितलं होतं तसंच. या वेळी मी म्हटलं, जा.

ती गेली. दार बंद झालं. मी आणि भावजी त्या बाकावर बसलो. समोरच्या भिंतीवर हात धुवायची रीत दाखवणारी चित्रं होती, ती मी इतक्या वेळा बघितली की शेवटी मीच हात चोळायला लागले. भावजींनी चहा आणला, तो तसाच निवला. दार उघडायचं आणि दुसऱ्याच कुणाचे नातेवाईक उठायचे. प्रत्येक वेळी आम्हीही अर्धे उठायचो.

मग डॉक्टरीणबाई आल्या, मास्क गळ्यात होता. गाठ पूर्ण निघाली, कडा स्वच्छ वाटतात, म्हणजे मागे काही उरलेलं दिसत नाही, पसरलंय का ते बघायला काखेतून काढलेल्या गाठींचं अजून तपासून यायचंय, ते आल्यावर बोलू. त्या आणखी काही सांगत होत्या, पण भावजींनी त्यांचे दोन्ही हात धरले होते आणि मला पुढचं ऐकू आलं नाही.

मी लेकीला फोन लावला. तिने उचलला, ती जिना चढत असावी, धाप लागली होती. मी सांगितलं, निघाली गाठ, कडा स्वच्छ म्हणाल्यात, काखेचं यायचंय.  तिचा श्वास ऐकू येत होता. मग तिने फोन बंद न करता हातात खाली धरला असावा, कारण मला घंटी ऐकू आली, आतून कुणीतरी कोण आहे म्हणून विचारलं, कडी निघाली, आणि माझी लेक त्या अनोळखी बाईला आपलं नाव सांगू लागली.